लेहला निघताय? ‘पित्त झालंय’ म्हणण्याची चूक टाळा

लेहला उतरल्यावर संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं की मुंबईकराच्या तोंडून हमखास येतं, "पित्त झालंय. पहाटेचं विमान, पोटात काही नाही." आमच्या ग्रुपमधल्या काकूंनी हेच म्हणत आमसूल चोखलं आणि पांघरूण घेऊन पडल्या. रात्री दोनदा उलटी, झोप नाही. तरी सकाळी स्वेटर-कानटोपी चढवून लेहहूनही उंच खारदुंग ला घाटाला निघायला तयार! "गाडीचे पैसे भरलेत ना, माझ्यामुळे कशाला अडायचं?" आम्ही गाडी रद्द केली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे ऑक्सिजन लावला, दोन दिवस पूर्ण विश्रांती सांगितली.

मला कळकळीनं सांगायचंय ते हेच: उंचीवर डोकं दुखलं आणि जोडीला मळमळ, चक्कर किंवा गळाठा असेल, तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो विरळ हवेचा त्रासच धरा. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही 21 टक्केच, पण हवेचा दाब मुंबईच्या जेमतेम दोन-तृतीयांश, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीराला जुळवून घ्यायला दिवस लागतात, आणि विमान आपल्याला काही तासांत वर नेऊन सोडतं.

"आम्ही दर रविवारी सह्याद्रीत असतो" हा भरवसाही इथे चालत नाही. कळसूबाई 1,646 मीटर. तिथे हा त्रास सहसा होतच नाही. उलट लेहसारख्या उंचीवर दमदार पोरं भराभर चढतात आणि दुखणं लपवतात.

लेहमध्ये पहिले दोन दिवस नुसता आराम. पुढे ट्रेकमध्ये 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. डायमॉक्स (हा त्रास टाळायला घेतात ती गोळी) घ्यायची तर मुंबईतच डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगून. गोळी घेतली म्हणून घाईनं वर जायची मुभा मिळत नाही. कापराची पुरचुंडी हुंगून तरतरी वाटते, पण रक्तातला ऑक्सिजन त्यानं वाढत नाही.

त्रास सुरू झाला की आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप, सततचा खोकला, ओठ निळसर, बोलण्यात गोंधळ किंवा सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता न येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मिळाला तर ऑक्सिजन लावा आणि माणसाला लगेच खाली उतरवा, एकट्याला न पाठवता. लेहमध्येच असाल तर थेट हॉस्पिटल गाठा.

आणि तिकिटं काढतानाच एक जादा दिवस धरून ऑफिसात तेवढी रजा टाका, म्हणजे कुणाला "माझ्यामुळे अडलं" असं वाटणार नाही.