मोटरहोमच्या पेडलांवर पाय चुकतो? आधी या चुका टाळा

कारची सवय असलेला माणूस मोटरहोम (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) चालवायला बसला की एक तक्रार हमखास करतो: ब्रेक फार उंच आहे, ॲक्सिलरेटर फार खाली आहे आणि दोघांच्या मधे जागाच नाही. मग गॅरेजमध्ये जाऊन ‘पेडल जरा वाकवून द्या’ असं सांगितलं जातं. ते सगळ्यात शेवटी, आणि खरं तर कधीच करायचं नसतं. पाय कुठे पडणार हे टाच ठरवते. टाच कुठे टेकणार हे सीट आणि फरशी ठरवतात. दुरुस्तीची सुरुवात तिथून करा.

मांडणी अशी का असते, हे थोडक्यात. व्हॅनच्या सांगाड्यावर घर चढवलेल्या मोटरहोममध्ये, उदाहरणार्थ फोर्डच्या ई-सिरीजवर बांधलेल्या गाड्यांत, इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये आलेला असतो. त्यावरचं फुगीर झाकण डावीकडे बसणाऱ्या ड्रायव्हरच्या उजव्या पायाची जागा खातं. बससारख्या सपाट तोंडाच्या मोटरहोममध्ये ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसतो, स्टिअरिंगचा दांडा बराच उभा खाली उतरतो आणि पेडलं उरलेल्या जागेत दाटीवाटीनं बसवलेली असतात. ब्रेक ॲक्सिलरेटरपेक्षा उंच असणं मात्र दोष नव्हे. ब्रेक दाबताना बुटाची कड ॲक्सिलरेटरवर पडू नये, यासाठी तो फरक कामाचा असतो.

सीट ॲक्सिलरेटरच्या हिशोबानं लावणं

ॲक्सिलरेटरला हलका दाब पुरतो, म्हणून लोक सीट मागे सारून ऐसपैस बसतात. जड गाडी अचानक थांबवायची वेळ आली की तोच पाय ताणावा लागतो आणि ब्रेकवर फक्त बोटं पोचतात. सीट नेहमी ब्रेकच्या हिशोबानं लावा. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन चालू असताना उजव्या पायानं ब्रेक होईल तितका खाली दाबा. गुडघा तरीही थोडा वाकलेला राहायला हवा आणि कंबर सीटच्या पाठीला टेकलेली असायला हवी. इंजिन बंद ठेवून हे करू नका; बूस्टरची (इंजिन चालू असताना ब्रेकच्या दाबाला जोर देणाऱ्या भागाची) मदत नसली की पेडल वरच अडतं आणि अंदाज फसतो. सीट ठरली की मग स्टिअरिंग आणि आरसे.

फिरती सीट हे तर खास मोटरहोमचंच दुखणं. मुक्कामी सीट आतल्या बाजूला वळवता यावी म्हणून तिच्याखाली फिरती चकती बसवतात आणि सीट काही सेंटिमीटर उंच होते. बुटक्या माणसाची टाच मग फरशीला नीट टेकत नाही. सीटची पुढची कड मांडीखाली रुतते, पायाचं वजन चवड्यावर येतं आणि ॲक्सिलरेटर नकळत दाबला जातो. सपाट रस्त्यावरही वेग वरखाली होतोय, तासाभरात पोटरी भरून येतेय, ही त्याची लक्षणं. बरेच जण यासाठी पेडलावर जाड ठोकळा चिकटवतात. उपाय सीटखालच्या पेटीत आहे: अनेक गाड्यांसाठी कमी उंचीची पेटी मिळते. ते जमत नसेल तर टाचेखाली फरशीला स्क्रूनं पक्का केलेला चढ चालेल. सुटी फळी किंवा उशी अजिबात नको.

आणि सकाळी निघताना सीट पुढे वळवल्यावर खटका बसल्याचा आवाज ऐका, सीट हलवून बघा. ती फिरवण्यासाठी आधी मागेपुढे सरकवावी लागते, त्यामुळे काल होती त्याच खाचेत ती आपोआप परत येत नाही.

टाच न उचलता ब्रेककडे वळणं

कारमध्ये टाच एका जागी ठेवून चवडा डावीकडे वळवला की ब्रेक सापडतो. मोटरहोममध्ये ही सवय घात करते. ब्रेक उंच असल्यामुळे वळणाऱ्या बुटाचं टोक पेडलाच्या खालच्या कडेला अडकतं आणि पाय ब्रेकच्या खाली किंवा बाजूला राहतो. इथे पाय उचलूनच न्यावा लागतो. गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून, खाली न बघता तो प्रवास पुन्हा पुन्हा करा.

बुटाच्या रुंदीची चाचणीही उभ्या गाडीत होते, फक्त हँडब्रेक ओढून इंजिन चालू ठेवायचं. हलक्या ब्रेकला काही जाणवत नाही, कारण ब्रेक अजून ॲक्सिलरेटरच्या बराच वर असतो. जोरात दाबल्यावर तो खाली येत जवळजवळ ॲक्सिलरेटरच्या पातळीला पोचतो, आणि तेव्हा जाड तळव्याच्या बुटाची उजवी कड दोन्ही पेडलं एकदम दाबते. म्हणजे रोजच्या चालवण्यात न दिसणारी अडचण नेमकी आणीबाणीत उगवते. ट्रेकिंगचे बूट सामानात ठेवा. चपला तर नकोतच.

मॅटवर मॅट टाकणं

मोटरहोममध्ये ड्रायव्हरची जागा घराचाच भाग असते, त्यामुळे तिथे गालिचा येतो, त्यावर रबरी मॅट येते, मागून एखादी पाण्याची बाटली घरंगळत येते. मॅटच्या बाबतीत हे हसण्यावारी नेऊ नका: 2009 मध्ये टोयोटानं अमेरिकेत सुमारे 38 लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या, कारण सरकलेल्या मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकू शकत होता. एकच मॅट, त्या गाडीच्या मापाची, हुकात अडकवलेली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडा; मॅटला कुठेही स्पर्श न होता तो झटकन वर आला पाहिजे.

ठोकळ्यांवर चढताना गाफील राहणं

पाय चुकण्याचा धोका हायवेवरच असतो असं वाटतं, पण अंगण-पार्किंगमधल्या हालचाली जास्त सांभाळायच्या. ऑडी 5000 गाड्या आपोआप उसळतात अशा तक्रारींनी 1980 च्या दशकात अमेरिका गाजली. तिथल्या वाहनसुरक्षा यंत्रणेनं अशा तक्रारींचा अभ्यास करून 1989 च्या अहवालात निष्कर्ष काढला, तो बहुतेक प्रकरणांत ड्रायव्हरचा पाय चुकीच्या पेडलवर पडल्याचा. यातल्या बऱ्याच घटना उभी गाडी हलवतानाच्या होत्या.

मोटरहोमला तर मुक्कामी गाडी समतल करायला उतरत्या ठोकळ्यांवर चढवावी लागते. म्हणजे आधी रेस द्यायची आणि चाक वर पोचताच ब्रेक लावायचा, तेही खिडकीतून डोकं बाहेर काढून चाकाकडे बघत. कमरेतून वळलं की पायही सोबत वळतो आणि टाच जागेवरून सरकते. म्हणून चाक बघायचं काम बाहेर उभ्या माणसाला द्या (गाडीच्या पुढे-मागे नाही, बाजूला), तुम्ही सरळ बसा. शरीर वळवावंच लागलं, तर पुन्हा सरळ बसून पाय ब्रेकवर आल्याची खात्री करा आणि मगच गिअर बदला.

डाव्या पायानं ब्रेक लावायची फॅशन इथे आणू नका. क्लचची सवय असलेला डावा पाय ब्रेकवर धाडकन पडतो, किंवा तिथेच रेंगाळून ब्रेक तापवत राहतो.

ब्रेक समजून दाबूनही गाडी वेग घेत असेल, तर पाय पूर्ण उचला. तुम्ही बहुधा ॲक्सिलरेटरवर आहात. पाय उचलूनही रेस कमी होत नसेल तर ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा आणि गिअर न्यूट्रलला टाका. ब्रेक सोड-दाब करू नका, पेट्रोल इंजिनात बूस्टरची साठलेली मदत त्यानं संपते. गाडी थांबेपर्यंत चावीही बंद करू नका.

पेडल बदललंय, की ब्रेक बिघडलाय?

‘हल्ली ब्रेक ॲक्सिलरेटरच्या जवळ आलाय’ अशी तक्रार असेल तर ती मांडणीची नसते, पेडल पूर्वीपेक्षा खाली जातंय. स्पंजासारखं लागत असेल तर ब्रेक फ्लुइडच्या नळ्यांमध्ये हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खचत असेल तर गळती किंवा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब फ्लुइडला देणारा भाग) बिघडलाय. दगडासारखं कडक असेल तर बूस्टर. मोटरहोम महिनोन्‌महिने उभी असते आणि ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट 4 प्रतीच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो; ओल धरल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना फ्लुइड उकळलं की पेडल थेट फरशीला. त्यामुळे गाडी किती चालली हे न बघता ठरलेल्या मुदतीत फ्लुइड बदला. हवेच्या ब्रेकच्या मोठ्या गाड्यांना ही लक्षणं लागू नाहीत. तिथे दाबाचा काटा बघा.

सगळं तपासूनही अंतर जमत नसेल तर गाडीला मागेपुढे सरकणारी पेडलं आहेत का ते आधी पाहा. काही मोटरहोममध्ये त्यासाठी बटण असतं आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. बाकी बदल त्या चॅसिच्या (गाडीच्या मूळ सांगाड्याच्या) जाणकाराकडूनच करून घ्या आणि गाडी ताब्यात घेताना दोन गोष्टी तिथेच बघा. इंजिन चालू ठेवून ब्रेक जोरात दाबला असता नेहमीचा बूट ॲक्सिलरेटरला लागता कामा नये. आणि पाय काढल्यावर मागचे ब्रेक लाइट विझले पाहिजेत. ते पेटलेलेच राहिले तर पेडल बहुधा पूर्ण वर येत नाहीये, म्हणजे ब्रेक सतत थोडे लागलेले राहू शकतात. तशी गाडी गॅरेजबाहेर काढू नका.