मास्क, ब्रश आणि टॉवेल: धुण्याइतकंच वाळवणंही महत्त्वाचं

रात्रभर लावलेला सीपॅप यंत्राचा (झोपेत श्वास अडकू नये म्हणून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) मास्क सकाळी काढलात की त्याच्या सिलिकॉनच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. तेलकट लागेल. चेहऱ्याचं तेल, लाळ, त्वचेची सुटलेली पापुद्रं आणि सहा-सात तासांच्या श्वासाची वाफ, एवढं सगळं तिथे जमलेलं असतं. जीवाणूंना याहून अधिक काही लागत नाही.

घाबरण्याचं कारण मात्र नाही. मास्कवर किंवा ब्रशवर सापडणारे बहुतेक जीवाणू आपल्याच अंगावरचे असतात. सूक्ष्मदर्शकातून जीवाणू पाहणाऱ्या डच लेवेनहूकने १६८३ मध्ये दातांवरचं कीटण भिंगाखाली धरलं तेव्हा त्याला वळवळणारे जीव दिसले, ते त्याच्या स्वतःच्या तोंडातले होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू तर साधारण दहातल्या तिघांच्या नाकात बिनबोभाट राहतो. कापलेल्या त्वचेत शिरला की मात्र गळू करतो. खरी अडचण आहे ती ओलाव्याची. फुलदाणीतलं पाणी चार दिवस बदललं नाही की आतून बुळबुळ लागते ना, तोच जीवाणूंचा थर, म्हणजे बायोफिल्म. एकदा तो धरला की नुसतं पाणी ओतून निघत नाही, चोळावाच लागतो.

मास्कपासून सुरुवात करू.

१. रात्री झोपण्याआधी चेहरा धुवा, क्रीम लावू नका. मास्कवर तेल कमी बसतं आणि कडेने हवाही गळत नाही.

२. सकाळी मास्क सुटा करा. नाकातोंडावर बसणारा सिलिकॉनचा भाग कोमट पाण्यात बिनवासाच्या सौम्य साबणाने बोटांनी चोळा. घासणी नको; तिच्या ओरखड्यांत मळ बसतो.

३. बुळबुळ जाईपर्यंत खळबळून धुवा आणि सावलीत वाळत ठेवा. उन्हाने सिलिकॉन लवकर खराब होतं. स्पिरिट, ब्लीच, वासाची जंतुनाशकं यांनीही तेच होतं. मी सुरुवातीला 'जास्त स्वच्छ' म्हणून स्पिरिटने पुसायचो. मास्कची कड कडक झाली आणि रात्रभर डोळ्यांत वारा जाऊ लागला.

४. हवा दमट करण्यासाठी यंत्राला पाण्याचं भांडं असतं; त्यात उरलेलं पाणी रोज फेकून द्या. कालच्या पाण्यात आजचं घालू नका. भरायला डिस्टिल्ड पाणी घ्या. साध्या पाण्यातले क्षार भांड्याला पांढरे चिकटतात आणि त्या खरबरीत थरावर जीवाणूंना पाय रोवता येतात. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत चालेल असं लिहिलं असेल, तर आठवड्यातून एकदा एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी घालून अर्धा तास ठेवा, मग नीट धुवा.

५. नळी आणि डोक्याचे पट्टे आठवड्यातून एकदा. नळीत साबणाचं पाणी घालून हलवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि दोन्ही तोंडं खाली येतील अशी टांगा. मधल्या वळणात पाणी राहिलं तर सगळी मेहनत वाया.

ओझोन किंवा अतिनील किरणांनी मास्क साफ करणारी यंत्रं मी घेणार नाही. अशा यंत्रांची सुरक्षितता आणि परिणाम आपण तपासून मान्य केलेले नाहीत, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केलं. ओझोनच्या यंत्रांमुळे खोकला, डोकेदुखी, दम्याचे झटके आल्याच्या तक्रारीही त्यांच्याकडे आल्या होत्या.

नेब्युलायझरची, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणाऱ्या यंत्राची, गोष्ट थोडी कडक आहे, कारण त्यातलं औषध थेट फुप्फुसात उतरतं. प्रत्येक वापरानंतर औषधाची वाटी आणि मास्क धुवा. पुस्तिकेने परवानगी दिलेले भाग पाच मिनिटं उकळा, मग कागदी रुमालावर उघडेच वाळू द्या. हवेची नळी मात्र पाण्यात घालायची नाही. कापडी मास्कला इतके सोपस्कार नाहीत: रोज धुवायचा, ओला झाला की बदलायचा.

टूथब्रशला लोक टोपण घालतात ते स्वच्छतेसाठी, आणि होतं उलटं. बंद टोपणात ब्रश ओलाच राहतो. वापरल्यावर तो वाहत्या पाण्याखाली धरा, झटका आणि उभा, उघडा ठेवा; दुसऱ्याच्या ब्रशला टेकू देऊ नका. तीन-चार महिन्यांनी, किंवा केस फाकले तर त्याआधीच, बदला. ब्रश संडासापासून लांब असलेला बरा. फ्लश केल्यावर बारीक तुषार हवेत उडतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये ते हिरव्या लेझरच्या प्रकाशात दाखवले, तेव्हा ते आठ सेकंदांत दीड मीटर वर गेले होते.

टॉवेल पसरून वाळवा, घडी करून खुंटीला नको. तीन-चार वापरांनंतर धुवा, आणि चेहऱ्याचा वेगळा ठेवा. दाढीचं पातं पाच-सात दाढ्यांनंतर टाका. रेझर घरातसुद्धा कुणाला देऊ नका, कारण पात्यावर रक्ताचा अंश राहू शकतो.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती कॉन्टॅक्ट लेन्सची डबी. तिला नळाचं पाणी अजिबात लावू नका. त्यात अकँथअमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, तो जीवाणू नव्हे, पण बुबुळाला मोठी इजा करतो. जुनं द्रावण ओतून टाका, ताज्या द्रावणाने डबी बोटाने चोळून धुवा, पुसा आणि झाकणं काढून पालथी ठेवा. दर तीन महिन्यांनी नवी घ्या. डोळा लाल होऊन दुखू लागला, तर लेन्स काढून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि डबी न धुता सोबत न्या. तिच्यातला नमुना तपासता येतो.