अर्ध्या तासाचं अंतर पुरत नाही: औषधं, पूरकं आणि जेवण यांचा मेळ घरी कसा तपासावा

"अ‍ॅलोपथीची गोळी आणि काढा यांत अर्धा तास जाऊ द्यायचा, मग काही होत नाही." हा सल्ला गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही घरात फुकट मिळतो. तो अर्धवट आहे. काही जोड्यांना अर्धा तास पुरत नाही, चार तास लागतात. काहींना दोन दिवसही पुरत नाहीत. काहींना अंतराची गरजच नसते, तरी लोक उगाच घाबरून चांगली चाललेली गोळी सोडतात. आपली जोडी यांपैकी कुठली, हे शोधायला एक निवांत दुपार लागते. त्यातला बहुतेक वेळ यादी करण्यात जातो, आणि तो तसाच जायला हवा.

१. सगळं एका टेबलावर आणा

डबा, फ्रिज, पर्स, गाडीचा कप्पा, सगळीकडून. डोळ्यांचे थेंब, मलम, इन्हेलर, चूर्ण, अरिष्ट, प्रोटीन पावडर आणि केसांसाठीच्या गोड चघळायच्या गोळ्याही. "रोज नाही, कधीतरी घेतो" या सदरातल्या गोळ्या आधी.

२. यादी घटकांची करा

तपासणी फसते ती इथे. पट्टीवरचं ठळक ब्रँडचं नाव कंपनीने ठेवलेलं बारशाचं नाव आहे. तुम्हाला हवा असतो तो आतला घटक आणि त्याचे मिलिग्रॅम. मागच्या बाजूला "प्रत्येक गोळीत" अशा अर्थाच्या ओळीपुढे तो छापलेला असतो. वहीत एका घटकाला एक ओळ द्या. टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ एकाच गोळीत असतील तर वहीत तीन ओळी. "प्रेशरची गोळी, सकाळी" असं लिहिलेली यादी डॉक्टरलाही काही सांगत नाही.

आपल्याकडे दोन-तीन औषधं एका गोळीत घालायची चाल फार. ब्रँडच्या नावामागे चिकटवलेली अक्षरं हा त्याचा सुगावा असतो, पण त्यावरून अंदाजाने लिहू नका. 'एच' म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड, 'एएम' म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन, इथवर ठीक. पण 'एम'? ग्लिमेपिराइडला जोडून आला तर मेटफॉर्मिन, लेव्होसेटिरिझिनला जोडून आला तर मॉन्टेलुकास्ट. 'एमआर' त्याहून वाईट. डायबेटिसच्या ग्लिक्लाझाइडपुढे त्याचा अर्थ हळूहळू विरघळणारी गोळी, आणि कंबरदुखीच्या गोळीपुढे स्नायू सैल करणारं आणखी एक औषध. चष्मा लावा आणि मागची ओळ वाचा.

ती ओळच नसेल तर? फार्मसीत पट्टी कापून चार गोळ्या देतात आणि नेमका छापील भाग दुकानात राहतो. म्हणून कापण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढू द्या म्हणावं; कोणी नाही म्हणत नाही. बिल मागून घ्या, निदान ब्रँड तरी कळतो. १ ऑगस्ट २०२३ नंतर बनलेल्या ३०० ठरावीक ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलने स्कॅन केला की घटकाचं नाव दिसतं.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, ते पॅरासिटामॉलवरून कळेल. तापासाठी ६५०ची गोळी चार वेळा, म्हणजे २६००. सर्दीच्या गोळीत ५००, ती तीन वेळा, म्हणजे १५००. अंगदुखीच्या गोळीत डायक्लोफेनॅकसोबत ३२५, ती दोनदा, म्हणजे ६५०. बेरीज ४७५० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. रोज पिणाऱ्याची किंवा यकृत दुखावलेल्याची त्याहून बरीच कमी. तिन्ही पट्ट्यांवर तीन वेगळी नावं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

पूरकांनाही हाच नियम. 'हाडांसाठी कॅल्शियम' या गोळीत कॅल्शियम आणि डी३सोबत आता सर्रास के२-७ हे जीवनसत्त्व असतं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकूमारॉल घेणाऱ्याला ते थेट आडवं जातं, आणि पुढच्या बाजूला त्याचा उल्लेख बारीक टाइपात असतो. मल्टिव्हिटामिनमध्ये लोह, कॅल्शियम, झिंक तिन्ही असू शकतात. केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं. ते औषधाला सहसा धक्का लावत नाही, पण थायरॉइडच्या आणि हृदयाच्या रक्ततपासणीचे आकडे चुकवतं. रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगा आणि किती दिवस बंद ठेवायचं ते विचारा.

आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवरही घटक छापलेले असतात, तेही उतरवा. ज्येष्ठमध भरपूर घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि प्रेशर चढतं. हृदयाचं डिगॉक्सिन किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हे गंभीर आहे. अश्वगंधा थायरॉइडच्या आणि झोपेच्या औषधात लुडबुड करते. कारल्याचा रस, मेथीचं चूर्ण साखर उतरवतात आणि ग्लिमेपिराइडही तेच करत असतं. आसव-अरिष्टांत मद्यार्क असतो. किती टक्के, ते बाटलीवर दिलेलं असतं. बिनलेबल पुडी असेल तर 'घटक अज्ञात' असं लिहून तिच्याभोवती लाल गोल काढा. चार दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड आणि 'शक्तिवर्धक' गोळ्यांत सिल्डेनाफिल हे लैंगिक ताकदीचं औषध लपवलेलं अनेकदा सापडलं आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ज्याच्या खिशात असते, त्याचं प्रेशर सिल्डेनाफिलमुळे जीव जाण्याइतकं कोसळू शकतं.

३. ताट आणि पेला

पूर्ण आहार लिहीत बसू नका. रोजच्यापेक्षा काय बदलतं तेवढं लिहा.

श्रावणात मासळी बंद होते आणि ताटात तांबडी भाजी, तायकिळा (टाकळा), शेवग्याचा पाला येतो. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व वॉरफरिनचा जोर कमी करतं. त्यावर "पालेभाजी बंद" हा नेहमीचा सल्ला चुकीचा आहे. भाजी बारा महिने साधारण तेवढीच खा, म्हणजे गोळीचा डोस तिच्या हिशेबाने बसतो. श्रावणात भाजी वाढणारच असेल तर डॉक्टरला सांगून आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, एकदा जास्त करून घ्या.

आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं, पाणी निरुपद्रवी मानतात. एका पेल्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं पोटॅशियम अंगात अडवून ठेवतात; ती घेणाऱ्याचं मूत्रपिंड धड असेल तर अधूनमधून एक चालतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर रोज दोन आडसरं नकोत. 'कमी सोडियमचं मीठ' त्याच घरात आणतात, आणि त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइडच असतं.

क्षयाचं आयसोनियाझिड चालू असताना शिळा किंवा नीट बर्फात न ठेवलेला बांगडा, टूना खाल्ला तर तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, छाती धडधडणं असं होतं. माशातलं हिस्टामिन मोडणारं एन्झाइम हे औषध अडवतं. ताजी मासळी आणि वेळेवर फ्रिज, एवढी काळजी घ्यायची. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू असेल तर सुकी आणि खारवलेली मासळी बाजूलाच ठेवा. त्यातल्या टायरामिनने प्रेशर एकदम उसळतं.

फेणी आणि उर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू. खरं प्रमाण लिहा, यादी तुमच्याच घरात राहणार आहे. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशी पोटी पेला घेतला तर साखर काही तासांनी कोसळते, आणि तोंडाला वास असल्यामुळे भोवतालचे "चढली आहे, झोपू दे" म्हणतात. हीच यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट. जुलाबासाठी देतात ते मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस मद्य नको, अरिष्टही नको.

४. जोड्या तपासा

आठ घटक म्हणजे २८ जोड्या. हे काम यंत्राला द्या. मेडस्केप किंवा ड्रग्ज डॉट कॉम यांची तपासणी सुविधा फुकट आहे, पण काही वेळा नावं अमेरिकी टाकावी लागतात. पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. अ‍ॅसेक्लोफेनॅक, निमेसुलाइड, अ‍ॅसिनोकूमारॉल ही औषधं तिकडे विकलीच जात नाहीत, त्यामुळे ती सापडली नाहीत तर जोडी सुरक्षित ठरत नाही. पहिल्या दोघांसाठी डायक्लोफेनॅक आणि तिसऱ्यासाठी वॉरफरिन टाकून पाहा, अंदाज येतो.

निकालात तीव्र, मध्यम, सौम्य अशा पातळ्या येतात. सौम्य सोडून द्या. मध्यम बहुतेक वेळा 'लक्ष ठेवा' एवढंच सांगत असतं. डॉक्टरने जाणूनबुजून दिलेल्या जोड्याही त्यात असतात. तीव्र आलं तर त्याच दिवशी फोन. गोळी स्वतःहून बंद मात्र करायची नाही. प्रेशर-हृदयाच्या मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी सोडल्याने जे होतं ते जोडीच्या दुष्परिणामापेक्षा वाईट असू शकतं.

५. अंतर ठेवून भागेल का, ते ठरवा

प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा: भांडण पोटात आहे की रक्तात?

पोटात असेल, म्हणजे एक पदार्थ दुसऱ्याला बांधून शोषूच देत नसेल, तर अंतर कामी येतं. थायरॉक्सिन उपाशी पोटी, नाश्त्याआधी ३० ते ६० मिनिटं, आणि लोह किंवा कॅल्शियमपासून ४ तास दूर. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. लोहाची गोळी चहाबरोबर नको. इसबगोल इतर औषधांपासून २ तास लांब. लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी पावसाळ्यात डॉक्सिसायक्लिन देतात, तेही लोह आणि अँटासिडपासून दूर ठेवून, पेलाभर पाण्याबरोबर, बसून. घेतल्या घेतल्या आडवं झालं तर अन्ननलिकेला चट्टा पडतो.

भांडण यकृतात किंवा रक्तात असेल तर घड्याळाचा उपयोग नाही. दमट हवेत नायटा हटत नाही म्हणून इट्राकोनाझोल सुरू होतं. ते स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, मोडणारं एन्झाइम दाबतं. सिमव्हास्टॅटिनबरोबर ते चालतच नाही, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनबरोबर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, आणि कॅप्सूल संपल्यावरही परिणाम काही दिवस रेंगाळतो. सकाळी एक, रात्री एक घेतलं तरी फरक पडत नाही. वर अ‍ॅसिडिटीचं पॅन्टोप्राझोल चालू असेल तर पोटात आम्ल कमी असल्याने कॅप्सूल नीट शोषली जात नाही आणि नायटा तिथेच राहतो.

चतुर्थीला माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळा-पानांच्या मांडवीला, बांधलेलं पपनस नंतर सोलून वाटलं जातं. स्टॅटिनशी न पटणारं ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याचंच संकरित अपत्य, आणि ते न पटणारे घटक पपनसातही असतात. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्याने दोन फोडी खाल्ल्याने आकाश कोसळत नाही, पण चवथीचा आठवडाभर रोज अख्खं फळ नको. मूत्रपिंड बदलल्यावर टॅक्रोलिमस घेणाऱ्याने फोडही नको.

दुसरी अशीच जोडी, खरं तर तिकडी: टेल्मिसार्टन, सोबतची 'एच' आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक. तिघं मिळून मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतात. मे महिन्याच्या घामात किंवा जुलाब चालू असताना धोका सगळ्यात जास्त. वेदनाशामक रात्री घेतलं म्हणून सुटका नाही.

६. दाखवा

एक गोळी बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून, दुसरी मडगावच्या हॉस्पिसियो इस्पितळातून, तिसरी गावच्या डॉक्टरकडून अशी येत असेल तर तिघांपैकी कोणासमोरही पूर्ण चित्र नसतं. वहीचं पान तिघांनाही दाखवा. प्रश्न नेमका विचारा: "ही आणि ही जोडी चालेल का, आणि नाही तर कुठली बदलायची?" नुसतं "सगळं ठीक आहे ना?" विचारलं तर उत्तर "हो" येतं.

नवीन गोळी आली, डोस बदलला किंवा ब्रँड बदलून मिळाला की पान पुन्हा तपासा आणि वर तारीख घाला.

७. काही झालंच तर

काळी शौच, न थांबणारं रक्त, काळपट लघवीसह अंग मोडून येणं, घाम फुटून बरळणं, बेशुद्धी: १०८ला फोन. घामाने निथळणाऱ्या डायबेटिसच्या माणसाला शुद्ध असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. औषधाने झालेला त्रास नोंदवायला भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४. रुग्णही फोन करू शकतो. इस्पितळात जाताना वहीचं पान न्या आणि टेबलावरची सगळी पिशवीही, लाल गोल काढलेल्या पुडीसकट.