मोठ्या, केस गळणाऱ्या कुत्र्यासाठी गाडीचं सीट कव्हर कसं निवडावं

लॅब्रॅडॉरचा गळलेला एक केस बोटांत धरून पाहा. आखूड, ताठ आणि टोकदार. शेताच्या बांधावरून चालून आल्यावर पायजम्यात कुसळं रुततात ना, तसाच हा केस सीटच्या कापडात घुसतो. म्हणून कव्हर घेताना आधी कापड बघायचं, रंग आणि डिझाइन नंतर.

घरून निघण्याआधी टेपने मागच्या सीटची मापं घ्या: दारापासून दारापर्यंतची रुंदी, बैठकीची खोली, हेडरेस्टसह पाठीची उंची आणि तिथून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर. हेडरेस्ट सुटं निघतं का, तेही तपासा. काही छोट्या गाड्यांत ते पाठीलाच जोडलेलं असतं. तिथे कव्हरचे पट्टे अडकवायला जागाच नसते.

ब्रश करताना निघालेले मूठभर केस पिशवीत घालून दुकानात न्या. कापडावर टाकून तळहाताने चांगले रगडा आणि मग कापड झटका. मखमली, टॉवेलसारखं किंवा सैल विणीचं कापड इथेच नापास होतं. घट्ट विणीच्या ६०० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) ऑक्सफर्ड पॉलिस्टरवरून बहुतेक केस सुटून पडतात. रेक्झिनवर तर केस रुततच नाहीत, तरी खानदेशात ते नकोच. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या गाडीतलं रेक्झिन तव्यासारखं तापतं, आणि कुत्र्याच्या पोटाला केस विरळ असतात.

आता कव्हर उलटं करा. आतला वॉटरप्रूफ थर दुमडून बघा. कडक वाटला, पांढरी रेघ उमटली, तर तो उन्हाळ्यात तडकणार. सीटला टेकणाऱ्या बाजूला घसरू न देणारे रबरी ठिपके हवेत, आणि बैठक-पाठीच्या फटीत खोचायचे अँकरही, म्हणजे कव्हर जागेवर धरून ठेवणारे तुकडे. हे नसतील तर ३० किलोचं जनावर वळणावर कव्हरसकट घसरतं, घाबरतं आणि नखं रोवतं. कव्हर फाटायला सुरुवात होते ती अशी.

मोठ्या कुत्र्याला झोळीसारखं, पुढच्या आणि मागच्या दोन्ही सीटच्या हेडरेस्टांना अडकणारं कव्हर बरं. केस पायाखालच्या जागेत सांडत नाहीत. पण त्या जागेवर झोळी अधांतरी असते. कुत्र्याने तिथे पाय दिला की पट्ट्याची शिवण उसवते. खाली घडी घातलेली गोधडी किंवा बॅग ठेवून ती पोकळी भरा. पुढच्या बाजूला जाळीची खिडकी असलेलंच कव्हर घ्या, नाहीतर एसीचा गार वारा मागे पोचत नाही. दारांनाही झाकणारे पदर असतील तर उत्तम; चढता-उतरताना नखं तिथेच लागतात.

सीटबेल्टच्या बकलासाठी फट हवीच. कुत्र्याचा सुरक्षा पट्टा त्या बकलात लावून दुसरं टोक छातीच्या हार्नेसला अडकवा, गळपट्ट्याला कधीच नाही. अचानक ब्रेक लागला तर सगळा झटका मानेवर येतो.

पावसाळ्यात काळी माती लागली तर ओली असताना पुसू नका, ती पसरते आणि विणीत बसते. वाळू द्या, मग ब्रशने झाडा. केसांसाठी रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने फिरवा. केसांच्या गुंडाळ्या होऊन निघतात. मगच कव्हर गार पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. केस न काढता मशीनमध्ये टाकलंत, तर ते पाणी जायच्या जाळीत अडकतात.