जुन्या रेकॉर्डची खरखर कमी कशी करावी (आणि तानपुरा कसा वाचवावा)

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात माळा आवरताना ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) तबकड्या निघाल्या, तर त्या भंगारात देऊ नका. त्यात बडोदा दरबारचे गवई उस्ताद फैयाज खाँ असू शकतात, हिराबाई बडोदेकर असू शकतात. असं गाणं संगणकावर घेऊन त्याची खरखर घरच्या घरी बरीच कमी करता येते. समूळ घालवायच्या मागे मात्र लागू नका. खरखरीबरोबर सगळ्यांत आधी जातो तो तानपुरा.

सुरुवात धुण्यापासून. बरीचशी खरखर मळाचीच असते. या तबकड्या चपडी लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावायचं नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाका, मऊ ब्रश रेघांच्या दिशेनेच गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून सावलीत वाळवा. उन्हात तबकडी वाकते.

सुई ७८ साठीचीच हवी, टोक सुमारे ३ मिलचं, म्हणजे इंचाचे तीन हजारांश भाग. एलपीची बारीक सुई थेट खाचेच्या तळाशी जाते, आणि धूळ नेमकी तिथेच साचलेली असते.

रेकॉर्ड मोनो असली तरी संगणकावर स्टिरिओतच घ्या: वेव्ह फाइल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. यात मोठा फायदा आहे. ७८ च्या खाचेत गाणं असतं ते सुईच्या आडव्या हालचालीत, आणि ते दोन्ही चॅनेलमध्ये सारखंच येतं. सुईच्या वर-खाली उडण्याने होणारा आवाज मात्र दोन चॅनेलमध्ये उलटसुलट येतो. दोन्ही एकत्र करून मोनो केलं की तो आपोआप कटतो, आणि गाण्याला धक्काही लागत नाही. खाचेची एकच भिंत झिजली असेल तर फक्त चांगल्या बाजूचा चॅनेल ठेवा. डावा, उजवा आणि एकत्र, तिन्ही ऐकून ठरवा. मूळ फाइल वेगळी ठेवून पुढचं काम प्रतीवर करा.

आता ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर उघडा. आधी टकटक काढायची, मग खरखर. हा क्रम उलटा करू नका. टकटक काढणारं क्लिक रिमूव्हल जोरात लावलं तर तबल्याच्या चाटीवर (कडेवर) वाजणारा ‘ना’ हा बोलसुद्धा त्याला टकटकच वाटतो आणि तो बोथट होतो. म्हणून सेटिंग आधी तबला स्पष्ट वाजतोय अशा तुकड्यावर तपासा. तडा गेलेली जागा हातानेच दुरुस्त केलेली बरी. ७८ च्या वेगाला एक फेरी सुमारे ०.७७ सेकंदाची, म्हणून एक टक सापडली की पुढची तेवढ्याच अंतरावर शोधायची. लाट मोठी करून पाहिली की ती उभ्या काट्यासारखी दिसते. तेवढाच काटा निवडा आणि ‘रिपेअर’ द्या.

खरखरीसाठी सॉफ्टवेअरला नमुना द्यावा लागतो. सुई टेकल्यापासून गाणं सुरू होईपर्यंतचा जो क्षण असतो, तोच घ्या. इथे कान देऊन ऐका. त्या क्षणात तानपुरा छेडला गेला असेल तर सॉफ्टवेअर त्यालाही खरखर समजतं आणि पूर्ण रेकॉर्डभर पुसत जातं. अखंड चालणारा, बारीक, वरच्या स्वरांनी भरलेला असा जवारीचा, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांचा, झंकार यंत्राच्या लेखी खरखरीचाच भाऊ.

नॉइज रिडक्शन १२ डेसिबलवर असेल तर ते ६ वर आणा. मग ‘रेसिड्यू’ निवडून, जे काढलं जाणार आहे तेवढंच ऐका. नुसता ‘श्श’ ऐकू आला तर ठीक. त्यात जवारी, ‘सा’मधला स किंवा गवयाचा श्वास ऐकू येऊ लागला, तर आणखी कमी करा. पाण्याच्या बुडबुड्यांसारखा आवाज आला तर फारच जास्त झालं. माझं मत विचाराल तर थोडी खरखर राहिलेली कधीही चांगली. दोन मिनिटांत कान तिला सरावतात, पण निर्जीव झालेल्या आवाजाला सरावत नाहीत.

खालची घरघर ४० हर्ट्झच्या आसपास कापा, फार वर जाऊ नका. फैयाज खाँसाहेबांचा खर्ज त्यात जायचा. सलग गुणगुण येत असेल तर ती विजेची, ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींत. सॉफ्टवेअरकडे जाण्याआधी टर्नटेबलची अर्थिंगची तार तपासा. वरच्या टोकाला, १९२५ नंतर आलेल्या विद्युत ध्वनिमुद्रणात साधारण ८ किलोहर्ट्झच्या वर फारसं गाणं नसतं, तिथून पुढे हळूहळू उतार द्या. भोंग्यासमोर गाऊन केलेल्या त्याआधीच्या रेकॉर्डमध्ये तर ५ च्या वरही क्वचितच काही मिळतं.

दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी मूळ आणि दुरुस्त, दोन्ही फाइली सारख्याच आवाजात हेडफोनवर ऐका. पटलं की दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. सोबत लेबलचा फोटो आणि लेबलच्या कडेला लाखेत कोरलेला क्रमांकही लिहून ठेवा. रेकॉर्ड नेमकी कोणती, हे पुढे त्यावरूनच ओळखता येतं.