नवलगडची हवेली पाहायची कशी

माटुंग्याच्या पोदार कॉलेजात मी तीन वर्षं काढली. पण 'आर. ए. पोदार'मधला 'ए' म्हणजे आनंदीलाल, आणि त्यांची भित्तिचित्रांनी भरलेली हवेली राजस्थानात, थर वाळवंटाच्या उंबरठ्यावरच्या नवलगडला आहे, हे कळायला साठी उलटावी लागली. शेजारच्या रुईया कॉलेजचंही तेच. ती रुईया मंडळी तिथल्याच भागातल्या रामगडची. गेल्या चार हिवाळ्यांत तीनदा नवलगडला जाऊन आलो. पहिल्या खेपेला सगळं चुकीचं पाहिलं, म्हणून हे लिहितोय.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. जयपूरहून बसनं साधारण तीन-साडेतीन तास लागतात. सोबत टॉर्च, पाण्याची बाटली आणि दाढीचा हात-आरसा घ्या. आरसा छताकडे तोंड करून पोटाशी धरायचा आणि त्यात छतावरची चित्रं बघायची. हिनं पहिल्या वर्षी मला वेड्यात काढलं. दुसऱ्या दिवशी मान धरली तिची, माझी नाही.

पोदार हवेली १९०२ची. आता तिथे संग्रहालय आहे, तिकीट काढून आत जाता येतं. पण सुरुवात तिथून करू नका. तिथली चित्रं नव्यानं रंगवून काढलेली, झगझगीत. ती आधी पाहिली की बाकी गाव मळकट वाटायला लागतं. आधी मोरारका हवेली पाहा. तिथे जुनी चित्रं न रंगवता जपली आहेत. आतल्या चौकात रामायण आहे, आणि अगदी वर, छज्ज्याखाली, चक्क येशू ख्रिस्त. तो सापडेपर्यंत हलू नका.

हवेलीत शिरायची घाई करू नका. समोरच्या सावलीत दहा मिनिटं उभं राहून नजर वर न्या. छज्ज्याखाली, त्याला आधार देणाऱ्या दोन तोड्यांच्या मधे, जिथे ऊन-पाऊस पोचत नाही, तिथले रंग सगळ्यात शाबूत असतात. मग खाली या. जोत्यापासून हात-दोन हात वर भिंत फुगलेली, पांढरी पडलेली दिसेल. तो लोणा. जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते. त्यावर कुणी सिमेंट थापलं असेल तर ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, ती आणखी वर सरकते आणि चित्रापर्यंत जाते. सिमेंटचा हा उपकार आमच्या वाईच्या वाड्यावरही झालाय, त्यामुळे मला तो लांबूनच ओळखू येतो.

आता मुख्य गोष्ट: जुनं काम ओळखायचं कसं. इथे चित्र काढणारे गवंडीच होते, त्यांना चेजारा म्हणतात. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग भरायचे, मग तो घोटून गुळगुळीत करायचे. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा पुन्हा दगड होतो, रंग आत कोंडून. त्यामुळे असं काम उडालं तर गिलाव्यासकट ढलपा पडतो. नुसता रंग पापडासारखा सुटलेला दिसला, तर तो वाळल्या भिंतीवर मागाहून चढवलेला. आतल्या खोल्यांत मात्र कोरड्या भिंतीवरही काम करत, तिथे ही कसोटी लावू नका. रंगही बोलतात. गेरू, काजळी, नीळ, पिवळी माती ही जुनी मंडळी. डोळ्यांत भरणारा गडद निळा दिसला की तो बहुधा बाहेरून आलेला रासायनिक रंग समजा. आणि हो, बोट लावून बघायचं नाही. टॉर्च भिंतीला समांतर धरली तर सगळं दिसतं.

आतली रचना आपल्या वाड्याच्या माणसाला चटकन कळते. मोठ्या दारात दिंडी दरवाजा. मग बाहेरचा चौक, बाजूला गादी-तक्क्यांची बैठक. व्यवहार इथेच, पाहुणा इथेच थांबायचा. पुढच्या दारातून आतला चौक, तो बायकांचा. शेठ वर्षातले कितीतरी महिने मुंबई-कलकत्त्याला. घर चालायचं ते या आतल्या चौकातून. म्हणून चित्रं बघताना ती कुठल्या भिंतीवर आहेत तेही बघा. आगगाडी, मोटार, साहेब अशी मिरवायची चित्रं कुठे आणि कृष्ण कुठे, याची वहीत नोंद करा. काही आगगाड्या अशा आहेत की चितारणाऱ्यानं गाडी पाहिलीच नसावी: घरांची रांग काढायची आणि खाली चाकं जोडायची.

बंद हवेलीत शिरायचं तर चौकीदाराला 'राम राम सा' म्हणा. 'खम्मा घणी' हॉटेलवाल्यांसाठी राहू द्या. कॅमेरा पिशवीत ठेवा, चपला विचारून काढा. चौकीदाराचं बिऱ्हाड आतच असतं, तेव्हा चुलीकडे डोकावू नका. पैसे निघताना, हातात हात देताना द्या.

गेल्या खेपेला अशाच एका बंद हवेलीत म्हातारा चौकीदार आम्हाला गच्चीवर घेऊन गेला. मुंबईहून आलोय म्हटल्यावर त्यानं कोपऱ्यातली भेग दाखवली आणि म्हणाला, शेठांचे नातू तिकडेच असतात, भेटले तर सांगा, पाणी मुरतंय.