चाळिशीचा चष्मा करताय? आधी स्क्रीनचं अंतर मोजा

चाळिशी लागली आणि दिवसभर कॉम्प्युटरवर काम असेल तर नंबर काढायला जाण्याआधी डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून न्या. जवळचा नंबर साधारण ४० सेंमीवर तपासतात, म्हणजे पुस्तक हातात धरतो तेवढ्यावर, पण डेस्कटॉप असतो ६०-७० सेंमीवर, मग वाचायच्या चष्म्यातून स्क्रीन धूसरच दिसणार ना. प्रोग्रेसिव्हमध्ये, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा, मध्ये मधल्या अंतराचा आणि खाली जवळचा नंबर असतो त्या लेन्समध्ये, मधला पट्टा अरुंद असतो, मी पहिले सहा महिने हनुवटी वर करून एक्सेल बघत होते आणि मान इतकी दुखायची की उशी बदलून पाहिली, दुखण्याचं कारण चष्मा आहे हे लक्षातच आलं नाही. शेवटी कामासाठी वेगळी ऑफिस लेन्स केली, मधला पट्टा रुंद, मान सरळ. फक्त ती घालून गाडी चालवू नका, लांबचं स्पष्ट दिसत नाही.

आणि प्रोग्रेसिव्ह घेतलीच तर फ्रेम नाकावर नीट बसवून, तुम्ही समोर बघत असताना बुबुळासमोर काचेवर पेनाने खूण करून घ्या, दुकानदार घाईत असला तरी. ॲंटी ग्लेअर कोटिंग घ्याच, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कमी होतं. ब्लू कटसाठी, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेसाठी, मात्र जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही.